एकुलती एक खुर्ची

धुलाईच्या त्या कारखान्यात सगळं सगळ्यांचं होतं. खुर्ची मात्र एकच होती.

जुना मालक एका सकाळी दाराला कुलूपही न लावता जो गेला तो गेलाच. मागे राहिली धुण्याची दोन अजस्र यंत्रं, एक पिळायचं यंत्र, दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकणारा बॉयलर, इस्त्रीची उंच टेबलं, इस्पितळांच्या मळक्या चादरींचा डोंगर, आणि माल घ्यायच्या खिडकीपाशी ठेवलेली ती लाकडी खुर्ची. लोकांनी थोडे दिवस त्याची वाट पाहिली, मग एकमेकांची तोंडं पाहिली, आणि शेवटी चादरी धुवायला घेतल्या. खिडकीवर बसणारी चष्मेवाली आजी तेव्हा म्हणाली होती की दादला पळाला म्हणून चूल विझवायची नसते. त्या वाक्यावर कारखाना उभा राहिला म्हणायला हरकत नाही.

नियम सोपा ठरला. यंत्रं सगळ्यांची, काम ज्याचं त्याचं. गठ्ठा पुरा केला की पत्र्याचा एक बिल्ला मिळायचा आणि तो आपल्या नावच्या डब्यात टाकायचा. डबा जड तर वाटा जास्त, सुट्टी आधी, उन्हाळ्यात पंख्याखालची जागाही आधी. डबे तोलायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे काटा म्हणत. आलेल्या मालाचं वजनही तोच करायचा. लग्नात त्याने बायकोचं माहेरी असतानाचं आणि सासरी आल्यानंतरचं अशी दोन्ही वजनं लिहून ठेवली होती, असं लोक सांगत. काटा त्यावर चिडून म्हणायचा, साफ खोटं, माहेरचं वजन मला कुणी करू दिलंच नाही.

इस्त्रीखात्यात सगळ्यांत जड डबा थोरलीचा होता.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. दोघी एकाच घरातून येत, शेजारशेजारच्या टेबलांवर इस्त्री करत आणि एकाच घरी परत जात. दोघींत भांडण नव्हतं. बोलणं बेताचंच असे, कारण दिवसभर वाफेत उभ्या राहिलेल्या बाईला संध्याकाळी बोलायला निराळं तोंड आणावं लागतं. थोरलीचा नवरा वारल्यापासून घर धाकट्या दिरावर आणि दोघी जावांवर चालत होतं. हा दीर कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. त्याला कामावर सगळे भट्टी म्हणत, घरी थोरली भावजी म्हणायची.

घरात डबा नव्हता. घरात ज्याला लागेल त्याने घ्यावं अशी रीत होती आणि ती भट्टीला फार आवडायची. पोरांना लागलं, पोरांनी घेतलं. धाकटीची पाठ दुखली, उशी धाकटीला गेली. थोरलीला विचारलं की ती म्हणायची, माझं काय, चाललंय. हे ती इतकी वर्षं म्हणत आली होती की आता तिला कुणी विचारत नव्हतं. तिच्या वाट्याला यायचं ते सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं असायचं, आणि उरलेलं तेवढं तिला पुरतं अशी घराची प्रामाणिक समजूत होती. म्हणून तिला कारखाना बरा वाटायचा. तिथे बिल्ला डब्यात पडला की आवाज यायचा. तिथे मागावं लागत नव्हतं.

पण पाय गेले होते. पोटऱ्यांवर निळ्या शिरा गाठी मारल्यासारख्या वर आल्या होत्या, संध्याकाळपर्यंत घोटे पावासारखे फुगायचे. सकाळी कुणी उठायच्या आत ती पायांना घट्ट पट्ट्या गुंडाळायची आणि वरून लांब मोजे चढवायची. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं आणि कारखान्यात तर मुळीच नाही. पायाने अधू झालेल्या बाईला घड्या घालायला बसवतील की काय? तर नाही. घड्याही उभ्यानेच घालायच्या होत्या, आणि तिथे बिल्ले निम्मे. तेव्हा तिने दुखणं लपवलं आणि डबा भरला. बाईने हिशेब असा केला होता की डबा सगळ्यांत जड राहिला तर एक दिवस ती खुर्ची आपोआप आपल्याकडे येईल.

आणि आलीही असती. चष्मेवाल्या आजीने लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. खिडकीवरचं काम म्हणजे आलेल्या कपड्यांना चिठ्ठ्या टाचायच्या, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, हरवलेल्या उशीच्या अभ्र्यांबद्दल खेद व्यक्त करायचा. हे सगळं बसून. जागा कुणाची यावर बोलणंच झालं नाही, इतकं ते उघड होतं. आजीने तर थोरलीला बोलावून सांगितलं, बाई गं, खुर्चीचा डावा हात जरा डुगडुगतो, त्यावर भार टाकू नकोस. थोरली नुसती हसली. त्या आठवड्यात इस्त्री फिरवता फिरवता ती मनातल्या मनात त्या खुर्चीत बसून पाहायची. पाय कुठे ठेवायचे, हेसुद्धा तिचं ठरलं होतं.

नेमकं तेव्हा भट्टीने सभेत तोंड उघडलं.

भट्टी वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर त्याच्याशी वाद घालणं सोपं गेलं असतं. त्याचं म्हणणं असं की मालक गेला, पण आपण प्रत्येकाच्या डब्यात एक छोटा मालक पाळून ठेवला आहे. यंत्र सगळ्यांचं म्हणता, मग त्यातून निघणारं का नाही सगळ्यांचं? चादर आठ हातांतून जाते. एक धुतो, एक पिळतो, मी वाफ देतो, वहिनी इस्त्री फिरवतात. त्या चादरीवर कुणाचा घाम किती, हे काट्याने तोलून दाखवावं. नाही ना दाखवता येत? मग बिल्ले कसले मोजता? ज्याला होईल तेवढं त्याने करावं, ज्याला लागेल तेवढं त्याने न्यावं, आणि सुरुवात त्या खुर्चीपासून व्हावी.

काट्याने त्याला चांगलंच धरलं. म्हणाला, यंत्र सगळ्यांचं हे मला मान्य आहे, त्यासाठी मालक गेल्यावर मीही उपाशीपोटी राबलो होतो. पण माझे हात सगळ्यांचे नाहीत. हातांनी केलेलं माझ्या नावावर पडलं नाही तर मी उद्या हात खिशात घालून येईन, आणि मला पाहून परवा तूही घालशील. मग वाफ काय तुझ्या भाषणांवर निघणार का? भट्टी म्हणाला, खिशात हात घालायचेच असते तर ते तू आजही घातले असतेस, दिवसभर तोलण्यापलीकडे करतोस काय. लोक हसले. मग काट्याने भट्टीला फुकट्यांचा पाटील म्हटलं, भट्टीने काट्याला मालकाचं भूत म्हटलं, आणि त्यापुढे जे झालं ते दोघांच्या लहानपणापासूनच्या उण्यादुण्यांबद्दल होतं.

हा वाद तीन सभा चालला. दोघेही चादरींच्या गठ्ठ्यांवर ऐसपैस बसून वाद घालत होते, आणि बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

मत घेतलं तेव्हा भट्टीची बाजू जिंकली. त्यात तत्त्वाचा भाग किती होता कोण जाणे. गरज प्रत्येकालाच असते, डबा मात्र एखाददुसऱ्याचाच जड असतो, एवढं गणित कुणालाही जमतं. डबे फळीवरून उतरवून कोठीत ठेवले गेले. थोरलीने आपला डबा स्वतः उचलून नेऊन दिला. तो उचलताना तिला वजन जाणवलं, आणि ठेवल्यावर हात हलका झाला, तोही तिला बरा वाटला नाही.

आता गरज कुणाची मोठी, हे ठरवायला निराळी सभा भरली. आणि इतकी वर्षं बिल्ले मोजलेल्या त्या लोकांनी एक भलतीच गोष्ट केली. त्यांनी दुखणी मोजायला घेतली. घड्यावालीने कंबर सांगितली, तर पिळणाऱ्याने कंबर आणि मान दोन्ही सांगितली. धुण्यावरच्या माणसाने सोड्याने सोललेले हात दाखवले, त्यावर कुणीतरी म्हणालं की हाताचा आणि बसण्याचा संबंध काय, तर तो म्हणाला, खुर्चीला दोन हात आहेत ते कशाला दिलेत? एकाने आपल्या बापालाही हाच आजार होता म्हणून दोन पिढ्यांचा त्रास धरावा अशी मागणी केली. काटा हरला होता, पण त्या सभेत त्याच्यासारखा खूश माणूस दुसरा नव्हता. तो प्रत्येकाला खोदून विचारत होता, दुखतं ते रोज की एक दिवसाआड? बसल्यावर किती कमी होतं? तोलायला काही मिळाल्याशी कारण.

धाकटी उभी राहिली. ओले गठ्ठे उचलताना तिच्या पाठीत एकदा चमक भरली होती, ती पुरती कधी गेलीच नाही. तिने सरळ सांगितलं, वाढवून नाही आणि रडून नाही. सगळ्यांना ते पटलं.

मग भट्टी थोरलीकडे वळला. "वहिनी, तुमचं काय?"

थोरली भिंतीला टेकून उभी होती. पट्ट्यांखाली पाय ठणकत होते. मोजा खाली करून दाखवला असता तर पुढे बोलायचीही गरज नव्हती. पण जे दुखणं चोरासारखं जपलं, ते आता भर सभेत काढून दाखवायचं; पिळणारा ते पाहणार, काटा वाकून गाठी मोजणार. आणि शेजारी धाकटी, जिचं नुकतंच बोलून झालं होतं. घरातला शब्द सवयीने तिच्या तोंडातून निघून गेला.

"माझं काय, चाललंय."

भट्टीला ते खरं वाटलं. एका छपराखाली राहून त्याने आजवर दुसरं काही ऐकलंच नव्हतं. बायकोची गोष्ट आहे म्हणून त्याने मत दिलं नाही, तशी त्याची नियत साफ. खुर्ची धाकटीला मिळाली.

घरी जाताना धाकटी म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या मनात होतं ना?"

"आता काय त्याचं."

"मग सांगायचं तरी."

थोरली पुढे चालू लागली. रस्ता चढाचा होता.

पुढचे काही आठवडे असे गेले की सांगण्यासारखं त्यात काही नाही. धाकटी खिडकीवर चिठ्ठ्या टाचत बसायची, थोरली टेबलाशी उभी राहायची. आता डब्यात काही पडत नव्हतं, तेव्हा इस्त्री झाली काय नि राहिली काय, असं मनाला चाटून जायचं. पण हात ऐकत नसत, ते चादरीची कड सरळ करूनच थांबत. मधूनच ती एक पाय साबणाच्या खोक्यावर टेकवायची. तेवढ्याने जीव हलका व्हायचा, पण इस्त्री पोचायची नाही.

एका दुपारी तसा पाय टेकवलेला असताना तिने टेबलाकडे नीट पाहिलं. टेबल उंच होतं, गरजेपेक्षा उंच. जुन्या मालकाने सगळी टेबलं मुद्दाम तशी करून घेतली होती, कारण उभा माणूस पेंगत नाही असा त्याचा शोध होता. मालक गेला, त्याचे नियम गेले, त्याच्यानंतरचे नियमही आता जाऊन नवे आले, पण टेबलांची उंची तीच राहिली. तिला हात लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण टेबल सगळ्यांचं होतं. सगळ्यांच्या भिंतीत एक खिळा मारायचा तर मागे दोन सभा झाल्या होत्या.

जेवणाची सुट्टी झाली. भट्टी जेवायला गेला होता. थोरली बॉयलरच्या खोलीत गेली, सरपण कापायची करवत घेऊन आली, टेबल आडवं पाडलं, खोक्यावर बसली आणि पहिल्या पायाला करवत लावली.

लाकूड जुनं, टणक. पहिला पाय अर्धा होईतो तिला घाम फुटला. आवाज ऐकून धाकटी खिडकीवरून उठून आली आणि दारात थबकली. जाऊबाईंना काय झालंय, हे तिला कळेना. करवतीच्या जोराने टेबल सरकत होतं. थोरलीने ते पावलाने अडवायला पाय पुढे केला, मोजा सरकला, आणि पट्टीच्या वर आलेली ती निळी, जाड, गाठाळलेली शीर धाकटीला दिसली.

धाकटी आली, खाली बसली आणि टेबलाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तिसऱ्या पायाला धाकटी म्हणाली, "केव्हापासून?"

"झाली की वर्षं."

"ह्यांना माहीत आहे?"

"भावजींना काय माहीत असतं?"

धाकटीला हसू आलं, मग पाठीतून कळ आली, मग दोन्ही एकदमच आली. चारही पाय कापून झाले तेव्हा एक जरा जास्तच आखूड झाला होता. त्याखाली लाकडाची ढलपी सारली. थोरली खोक्यावर बसली, इस्त्री हातात घेतली, चादर पसरली. इस्त्री पार टोकापर्यंत पोचत होती.

माणसं जेवून परतली आणि एकच गिल्ला झाला.

त्या दिवशी कारखान्याने एक नवल पाहिलं. काटा आणि भट्टी एकाच बाजूला उभे होते. सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूला एकट्या माणसाने न विचारता करवत लावली, यावर दोघांचं रागावणं शब्दाला शब्द जुळत होतं. यंत्रं, टेबलं, भिंती सगळ्यांच्या. आज एकीने पाय कापले, उद्या दुसरा बॉयलर उचलून नेईल. हे काटा म्हणाला की भट्टी, हे नंतर त्या दोघांनाही आठवेना.

संध्याकाळी सभा भरली. जाब द्यायला उभं राहायची रीत होती. थोरलीला उभं राहायला सांगितलं.

"बसूनच बोलते," ती म्हणाली, आणि बसूनच राहिली.

काट्याचं म्हणणं पडलं की नुकसान झालं आहे तेवढे बिल्ले तिच्या डब्यातून कमी करावेत. भट्टीने आठवण दिली की डबे बंद झाले आहेत. मग भट्टी म्हणाला, वहिनींनी चूक सगळ्यांसमोर कबूल करावी म्हणजे ती सगळ्यांची झाली. काटा म्हणाला, वा रे वा, करवत हिने चालवायची आणि चूक मी घरी न्यायची? चूक ज्याची त्याचीच असते. मग टेबल धाकटीने धरलं होतं तर तिच्याकडे किती चूक, निम्मी की पाव, यावर दोघांची पुन्हा जुंपली. दुपारी जुळलेलं त्यांचं गोत दिवेलागणीपर्यंतही टिकलं नाही.

धाकटी उठली. नवऱ्याकडे न बघता काट्याकडे बघत बोलली, पण ते कुणाला होतं हे सगळ्यांना कळलं. "टेबलाचे चार पाय कापलेले तुम्हाला लगेच दिसले. जाऊबाईंचे दोन इतकी वर्षं दिसले नाहीत." मग ती खाली वाकली आणि थोरलीच्या मोज्याकडे हात नेला. थोरलीने तो हात धरून बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. मग स्वतःच मोजा खाली केला, पट्टी सोडली आणि पाय खोक्यापुढे लांब केला. तिच्या तोंडावर लाजही नव्हती आणि तक्रारही. दिवसाचं काम संपल्यावर इस्त्री बाजूला ठेवावी तसा तिने तो पाय तिथे ठेवला.

भट्टीने पाहिलं, मग मान खाली घातली. काट्याने पहिल्यांदाच काही तोललं नाही.

"वहिनी, मी विचारलं होतं तुम्हाला," भट्टी हळू आवाजात म्हणाला.

"विचारलं होतं," थोरली म्हणाली. "माझं काम होतं तेव्हा काट्यांनी मोजलं, त्यांचं बरोबर होतं. गरज होती तेव्हा तुम्ही विचारलं, तुमचंही बरोबर होतं. तुमच्यात चूक कुणाची ते तुम्ही वाटून घ्या, मला त्यात नका धरू. मला बसायचं होतं, मी बसले."

घड्यावालीने तेवढ्यात विचारलं की घड्या घालायचं टेबलसुद्धा तसंच उंच आहे, त्याचं काय? भट्टी म्हणाला त्यावर सभा घेऊ. काटा म्हणाला आधी उंची मोजू. घड्यावालीने दोघांकडे बघितलं, आणि करवत कोणत्या खोलीत असते एवढंच तिने धाकटीला हळूच विचारून घेतलं. टेबलाच्या गुन्ह्याचा निकाल पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत दुसरंच काहीतरी निघालं.

लोक पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाचा मोठा माल जायचा होता आणि चादरींचा एक गठ्ठा अजून व्हायचा होता. धाकटी म्हणाली, चला, उद्या करू. थोरली म्हणाली, तू हो पुढे, पोरं वाट बघत असतील, एवढा उरकून येते. भट्टी दारात घुटमळला, मग आत गेला आणि बॉयलरमध्ये दोन लाकडं जास्त टाकून आला, म्हणजे वाफ कमी पडू नये.

थोरलीने पट्टी पुन्हा गुंडाळली. ढलपीवरचं टेबल जरा हललं, तिने ती पावलाने आत ढकलली. चादर पसरली, कड जुळवली. पाय दुखायचे थांबले नव्हते. आता ते बसून दुखत होते, एवढंच.